पंप सुरू झाला की

नाताळच्या सुट्टीत आम्ही गुहागरला जाणार हे कळल्यावर आमच्या पक्षीवाल्या मंडळींनी पत्ते पाठवायला सुरुवात केली. समुद्रगरुडाचं घरटं कुठल्या झाडावर आहे, धनेश संध्याकाळी कुठल्या वडावर उतरतात, घुबड कुठल्या देवळामागे बसतं. मी सगळ्यांना हात जोडलेले पाठवले आणि एकही पत्ता टिपून घेतला नाही. या खेपेला मी स्वतःला एक अट घातली होती: चिमणीपेक्षा मोठा पक्षी मोजायचा नाही.

अट ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे जे दिसत नाही तेवढंच बघायला चाललोय आपण."

जवळजवळ तसंच. घरातली चिमणी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर भरते. त्याहून लहान पक्षी कोकणात काही थोडेथोडके नाहीत. शिंपी १३, सुभग १३-१४, चष्मेवाला आणि शिंजीर १० च्या आसपास, मुनिया त्याच मापाच्या, आणि फुलटोच्या जेमतेम ८. ही सगळी मंडळी दिवसभर आपल्या डोक्यावर वावरत असतात आणि आपण मान वर करून म्हणतो, "इथे काही नाही, चला पुढे." धनेशाचं बरं असतं. आधी पंखांचा आवाज येतो, मग तो येतो, मग सगळे "तो बघ, तो बघ" करतात, फोटो निघतात आणि काम संपतं. मोठ्या पक्ष्यांशी माझं भांडण नाही. पण धनेश दिसायला माझ्याकडून काहीच लागत नाही. फुलटोच्या दिसायचा तर एका जागी बूड टेकवून बसावं लागतं, आणि वर्षभर डोंबिवलीची गाडी पकडल्यावर मला सुट्टीत बसायचंच होतं.

गुहागर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाव म्हणजे समुद्राला समांतर गेलेला एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या दुतर्फा घरं. वस्तीचे दोन भाग, एक वरचा पाट, एक खालचा पाट, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ. समुद्राकडच्या घरांची पुढची पायरी रस्त्याला लागते आणि मागचं दार आगरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत उघडतं. आगर संपलं की चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, गडग्यापलीकडे सुरूची झाडं, मग वाळूची पुळण आणि मग समुद्र. म्हणजे चहाचा कप हातात घेऊन न्हाणीघराच्या बाजूने निघालात तर तो संपायच्या आत तुम्ही तीन प्रकारच्या अधिवासांतून जाऊन येता. नवऱ्याचे लांबचे काका-काकू खालच्या पाटात राहतात. आगर तसं मध्यम. माड, पोफळी, पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेली, जायफळाची दाट, काळपट हिरवी झाडं, केळी, गडग्याला लागून जास्वंद, विहिरीपाशी एक जुना रायवळ आंबा.

शहरातल्या पक्षीनिरीक्षणाचा पहिला नियम म्हणजे पहाटे उठा. आगरात तो नियम चालत नाही. ऊन पूर्वेकडून येतं, तिकडे घर, घराच्या वर माड, आणि खाली पोफळींची अशी गर्दी की आठ वाजले तरी जमिनीवर कातरवेळच असते. आवाज भरपूर. दयाळ गातोय, तांबट ठोकतोय, शिपाई बुलबुलांची बडबड चालू आहे. पण पानांच्या वरच्या मजल्यावर जे काही हलतं त्याची फक्त सावली दिसते. लहान पक्षी सावलीवरून ओळखायला मी काही एवढी पोचलेली नाही.

खरी वेळ मला कळली ती आगरात शिंपणं करणाऱ्या दादांकडून. तेही त्यांनी काही पक्षी म्हणून सांगितलं नव्हतं. मी जायफळाखाली मान वर करून उभी होते तर म्हणाले, "ताई, सरका, लाईट आली. पंप लावतोय, भिजाल." वाजले होते साडेनऊ-पावणेदहा. मी सरकले, न्हाणीघराच्या मागच्या पाण्याच्या दगडी दोणीवर जाऊन बसले. त्यांनी नळीचं तोंड अंगठ्याने दाबून पाणी उडवायला सुरुवात केली. आळ्यांत पाणी, केळीच्या पानांवर पाणी, जायफळाच्या खालच्या फांद्यांवर पाणी. आणि तोवर मोकळं वाटणारं ते आगर वरून खाली उतरायला लागलं.

आधी चष्मेवाले आले. हे कधी एकटे नसतातच. आठ-दहांचा घोळका, आपसात सतत बारीक किलबिल, पोपटी-पिवळे, डोळ्याभोवती पांढरं कडं. त्यांना दोण नको होती, पाटाचं वाहतं पाणीही नको होतं. ते सरळ जायफळाच्या ओल्या पानांवर पोट घासत लोळायला लागले. पान वाकलं की घसरून खालच्या पानावर, तिथून पुढच्या. इतक्या लहान पक्ष्यांना डबक्यात उतरणं धोक्याचं पडतं. पंख भिजून जड झाले तर उडणार कसे, आणि जमिनीवर मांजर आहेच. ओल्या पानावर अंग घासलं की जेवढं हवं तेवढंच पाणी लागतं. शिंजीर, फुलटोच्या, पर्णवटवट्या हे सगळे असंच करतात. पाऊस नसलेल्या महिन्यांत कोकणात पानं भिजणार कधी? एक दवाने, नाहीतर शिंपण्याने. दव सगळीकडे असतं, शिंपणं मात्र ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी. पक्ष्यांना ती वेळ आपल्याआधी पाठ झालेली असते.

चष्मेवाल्यांच्या मागोमाग जांभळ्या पाठीच्या शिंजिराची जोडी. नर बाराही महिने त्याच थाटात असतो: पोट पिवळं, पाठ तपकिरी-लाल, कंठ जांभळा, डोक्यावर हिरवी चमक, आणि ती चमकही ऊन योग्य कोनातून पडलं तरच. त्याच्या शेजारी दुसरा एक शिंजीर होता, त्याची गंमत वेगळी. वरून मातकट, खालून फिकट पिवळा, म्हणजे मादीच म्हणावी. पण हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा. हा जांभळा शिंजीर, नर. वीण संपली की याचा चकाकता काळा-जांभळा वेष उतरतो आणि तो काही महिने असा हिंडतो. डिसेंबरअखेर कोणी अजून पट्ट्यावरच असतो, कोणी अर्धा जांभळा झालेला असतो, खांद्यावर एक चकाकता डाग आणि बाकी मातकट. हे अर्धवट नर मला पूर्ण नटलेल्या नरांपेक्षा जास्त आवडतात. त्यांना बघताना काळ चाललेला दिसतो.

पाण्याचा जोर थोडा ओसरला की दुसरी पाळी. पाटाच्या कडेला, जिथे पोफळीची झावळी आडवी पडली होती, तिथे टिकेलची निळी माशीमार. नर वरून गडद निळा, छाती नारिंगी, १४ सेंटिमीटर, म्हणजे अटीत बसणारी. ती जरा कमी बुजरी असते. पाटात एक बुडी, परत झावळीवर, एकदा अंग झाडलं, पुन्हा बुडी. तिच्यापासून थोड्या अंतरावर शेपटी वर उचलत बसलेली लाल छातीची माशीमार. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठसे, ते दिसले की ओळख पक्की. छातीची लाली बहुतेकींना नसतेच, तेव्हा नावावर जाऊ नये. हिची वीण होते पूर्व युरोपात आणि उरलच्या आसपास. युरोपातले बरेच लहान पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला आफ्रिकेत जातात, ही मात्र पूर्वेची वाट धरून आपल्याकडे येते. एवढ्या लांबून आलेली पाहुणी केळीच्या आळ्यात मच्छर टिपत होती आणि काकू आतून विचारत होत्या, घावन गरम आहेत तोवर खाणार की नाही.

घावन मी दोणीवर बसून खाल्ले. नारळाच्या चटणीचा एक ठसा वहीवर अजून आहे.

इथे दुर्बिणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवशिके यात हमखास पैसे वाया घालवतात. दुकानदार मोठा आकडा दाखवतो: १०×५०, १२×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी निघते. माझी ८×४२ आहे. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. पोफळीच्या अंधारात हा सव्वापाचाचा आकडा कामाला येतो. शिवाय ८ पटीत दिसणारा परिसर रुंद असतो, त्यामुळे फांदीवरून फांदीवर सुटलेला शिंपी निदान चौकटीत राहतो. आणि दुकानात कोणी विचारत नाही अशी तिसरी गोष्ट: किती जवळचं स्पष्ट दिसतं? आगरात पक्षी दोन मीटरवर येऊन बसतो. तुमची दुर्बीण पाच मीटरच्या आतलं धूसर दाखवत असेल तर तुम्ही चक्क मागे मागे सरकत पाटात पडाल. नवऱ्याची १०×५० खांद्याला लटकून दमली, शेवटी ती समुद्रावरच्या होड्या बघायला वापरली.

रंग मात्र लहान पक्ष्यांच्या बाबतीत फार भरवशाचे नाहीत, आणि याचा पुरावा म्हणजे पर्णवटवट्या. वरून हिरवट करडा, खालून मळका पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर असलाच तर एक पुसट पट्टा. एवढंच. पुस्तकात पान भरून असे दहा पक्षी शेजारी शेजारी काढलेले असतात आणि प्रत्येक चित्राखाली "यासारखाच, पण..." असं लिहिलेलं असतं. याला बघून ओळखणं सोडून द्यावं आणि ऐकावं. हिरवट पर्णवटवट्या दिवसभर "चि-विट, चि-विट" करतो. हिवाळ्यात तो एकेकटा राहतो, आपापल्या चार झाडांची हद्द धरून, आणि ही हाक म्हणजे त्या हद्दीची राखण. सैबेरियापासून हिमालयापर्यंतच्या जंगलांत वीण करून आलेला हा दहा-अकरा सेंटिमीटरचा पक्षी काकांच्या आगरातल्या फणसावर हक्क सांगत होता. गडग्यापलीकडच्या सुरूवरून दुसरा त्याला उत्तर देत होता. दोघांची हद्द आणि काकांची व शेजाऱ्यांची हद्द जवळपास एकच निघाली, याचं काकांना फार हसू आलं. शेजाऱ्यांशी त्यांचा गडग्यावरून जुना वाद आहे.

आवाजाच्या बाबतीत माझी खरी मदतनीस म्हणजे माझी लेक. ती सातवीत आहे आणि तिला पक्ष्यांत एरवी काडीचा रस नाही. पण वय वाढलं की कानातले वरच्या पट्टीतले सूर आधी जातात, आणि नेमके हेच पक्षी वरच्या पट्टीत बोलतात. फुलटोच्याचं "चिक चिक" मला दहा पावलांवरून ऐकू येतं, तिला अंगणातून. मोबाइलवरून नजर न काढता ती हात वर करून दिशा दाखवायची, "आई, तिकडे काहीतरी चिकचिकतंय." मी उठून जायचे. आवाज ओळखून देणारं ॲप माझ्याही फोनमध्ये आहे, पण मागे समुद्राची गाज, शेजारी पंपाची घरघर, वर माडांची सळसळ, एवढ्यात त्याच्यापेक्षा लेक बरी. तिला चार्जिंगही कमी लागतं.

आवाज ऐकणं वेगळं आणि ऐकवणं वेगळं. जवळच्या एका गावात उतरलेला फोटोवाल्यांचा एक गट एका दुपारी देवराईच्या वाटेवर भेटला. त्यांच्याकडे छोटा स्पीकर होता आणि त्यावर सुभगाची शीळ परत परत वाजत होती. समोरच्या ऐनाच्या झाडावर खरा सुभग येऊन पिसं फुलवून उत्तरं देत होता, कॅमेरे कडकडत होते. त्या बिचाऱ्याला वाटलं असणार, आपल्या जागेत कोणी दुसरा नर घुसलाय. इतक्या लहान जिवाचं गणित अगदी काटेकोर असतं. शरीर जेवढं लहान तेवढी उष्णता भराभर निसटते, म्हणून हे पक्षी उजेड आहे तोवर सतत खात राहतात. त्यातला अर्धा तास नसलेल्या शत्रूशी भांडण्यात घालवायचा म्हणजे त्याने तेवढ्या अळ्या सोडायच्या. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या मागे लागणाऱ्यांचंही मला हेच खटकतं. तो सुद्धा चिमणीहून लहान, कोकणातल्या व्हाळांच्या काठी मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, आणि त्याच दिवसांत बिळासमोर कॅमेऱ्यांच्या तिवया लागतात. मी त्या गटाला एवढंच म्हणाले की स्पीकर बंद केलात तरी तो इथेच आहे, त्याचं घर आहे. एकाने बंद केला. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले.

बसून राहण्याच्या बाबतीत कोकणाची परंपरा मोठी आहे. सलीम अली १९३० मध्ये जर्मनीहून पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन परतले तेव्हा मुंबईत त्यांची नोकरी राहिली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणींची वसाहत रोज बघत बसले. तोवर सुगरणींच्या संसाराबद्दल जे समजलं जात होतं त्यापेक्षा वेगळंच काही त्यांना दिसलं. नर घरटं अर्धं विणून थांबतो. माद्या येऊन ते तपासतात. एखादीने पसंत केलं तरच तो ते पुरं करतो, खाली नळी जोडतो, आणि ती अंड्यांवर बसली की शेजारी दुसरं घरटं सुरू करून दुसरीची वाट बघतो. यासाठी कुठल्या दूरच्या रानात जावं लागलं नाही. बेकारी, कोकण आणि चिकाटी एवढ्यावर झालं. आमच्या काकांच्या विहिरीवर वाकलेल्या माडाला सुगरणींची जुनी, वाळलेली घरटी लटकत होती. त्यांत बरीच अर्धी सोडलेली होती, टोपीच्या आकाराची, नळी नसलेली. लेकीला सांगितलं की ही नापास झालेली घरं. ती म्हणाली, "मग तो नवीन बांधतो? लोन काढून?" सुगरण स्वतः १५ सेंटिमीटर, म्हणजे अटीच्या काठावर. नसलेल्या पक्ष्याचं माप कोण घेणार म्हणून तो विषय सोडून दिला.

पुळणीवर मात्र मापावरून खरंच वाद झाला.

समुद्रावरच्या पक्ष्यांना सूर्याशी फारसं देणंघेणं नाही, ते भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटी लागली की ओली वाळू उघडी पडते आणि जेवण मांडलं जातं. भरतीला सगळे कोरड्या वाळूवर वाऱ्याकडे तोंड करून उभे. वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. मी फोनमध्ये तक्ता शोधत होते तर काका झोपाळ्यावरूनच म्हणाले, "आज तिथी कोणती? तिची पाऊणपट कर." चतुर्थी असेल तर पाऊणपट तीन, तीनला पूर्ण भरती, नऊला ओहोटीचा तळ. अष्टमीला सहा आणि बारा. कोकणात पोहायला शिकण्याआधी हे शिकवतात म्हणे. सांगितलेल्या वेळेला गेलो आणि वाळू पक्ष्यांनी भरलेली होती.

चिखल्या आणि टिलवे एकत्र चरत असतात, लांबून सगळे सारखेच करडे ठिपके. पण जरा वेळ बघितलं की दोघांची रीत वेगळी दिसते. चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, बघतो, टिपतो, परत पळतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो नजरेने शिकार करतो. टिलवा थांबतच नाही. मान खाली घालून चोच भराभरा चिखलात घालत पुढे जातो. त्याला चोचीच्या टोकाने आतला किडा लागतो. सँडरलिंग तिसरेच. ते लाटेच्या कडेने पळतात, लाट मागे गेली की तिच्या मागे, पुढे आली की तिच्या पुढे, पाय ओले न करता. त्यांना मागचं बोट नसतं, आणि वाळूवर त्यांच्या पावलांचे ठसे बघितले तर तीनच बोटं दिसतात. नवऱ्याने ठसे शोधून काढले आणि फार खूश झाला.

आता माप. सँडरलिंग २० सेंटिमीटरच्या आसपास, बाद. केंटिश चिखल्या १५ ते १७, तोही बाद. छोटा टिलवा १३-१४, पास. नवऱ्याचं म्हणणं असं की केंटिश चिखल्याला बाद करणं अन्याय आहे, त्याच्या गळ्यातला काळा पट्टा अर्धवट असतो, तेवढी सूट द्यावी. तो पुळणीवर खेळणाऱ्या पोरांकडून पट्टी मागायला निघाला होता. मी दाद दिली नाही. आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मलेला टिलवा माझ्या अटीत बसतो एवढ्यावर मी समाधानी होते.

या सगळ्यात एकच गोष्ट डोक्यात जाते, ती म्हणजे पुळणीवर आणलेल्या गाड्या. सुट्टीत माणसं येणार, पोरं पळणार, कुत्री भुंकणार, पक्षी थोडे उडून परत बसणार, हे चालायचंच. पण ओहोटीच्या त्या दोन-तीन तासांत, जेव्हा त्यांचं जेवण असतं, एक मोठी गाडी मुद्दाम ओल्या वाळूत गोल गोल फिरवत कोणी व्हिडिओ काढत होतं. प्रत्येक फेरीला सगळा थवा उठायचा. ती गाडी शेवटी रुतली आणि काढायला ट्रॅक्टर आला, हे मी अत्यंत समाधानाने नमूद करते.

आता फुलटोच्या, ज्याच्यासाठी मुळात ही अट घातली होती.

विहिरीवरच्या रायवळ आंब्यावर बांडगुळाचे तीन मोठे झुपके होते. बांडगूळ आंब्यात मुळं घुसवून पाणी आणि क्षार ओढून घेतं, त्यामुळे बागायतदाराच्या घरात त्याचं नाव शिवीसारखंच घेतलं जातं. आमचे काकाही त्यातलेच. पण बांडगुळाला फुलं येतात तेव्हा तिथे जी वर्दळ असते ती कुठल्याच झाडावर नसते. फूल लांब नळीचं, बाकदार, केशरी-गुलाबी. पिकलेली कळी आपणहून सहसा उघडत नाही. पक्ष्याने चोचीत धरून दाबली की पटकन फुटते आणि परागकण त्याच्या तोंडावर उडतात. म्हणजे दार पक्ष्यानेच उघडायचं, आणि उघडताना झाडाचं काम करून जायचं.

टिकेलचा फुलटोच्या दिसायला काहीच नाही. राखी-तपकिरी, पोट फिकट, चोच फिकट गुलाबीसर, शेपटी आखूड. आपल्या देशातल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक, अंगठ्याहून थोडा मोठा. एका फांदीवर फळंही धरली होती. तो एकेक फळ अख्खंच गिळत होता. आतली बी चिकट असते आणि काही मिनिटांत बाहेर येते, पण सुटत नाही, चिकाच्या धाग्याने शेपटीखाली लोंबत राहते. मग हा पठ्ठ्या फांदीवर आडवा सरकत, बूड घासत, ओले हात पुसायला आईचा पदर शोधणाऱ्या पोरासारखा जागा शोधायला लागतो. बी फांदीला चिकटली की उडाला. त्या फांदीवर नवं बांडगूळ उगवणार. बांडगुळाला हा पक्षी लागतो आणि या पक्ष्याला बांडगूळ, आणि मधल्या मध्ये आंबा बसलेला असतो.

हे सगळं मी काकांना दुर्बिणीतून दाखवलं. आयुष्यभर बांडगूळ तोडत आलेल्या माणसाने ते बी चिकटवताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि बराच वेळ दुर्बीण परत दिली नाही.

"म्हणजे चोर हा आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, निदान या झाडावरचं ठेवा. तोडू नका."

"कलमांवरचं एकही ठेवणार नाही. हापूस आहे तो." मग थोडं थांबून, "हा रायवळ आहे, याच्या कैऱ्या माकडंच खातात. याच्यावरचं राहू दे."

"पण काका, हा इथून कलमांवर जाऊन परत बी लावणारच."

विहिरीपासून पहिलं कलम पन्नास पावलांवर आहे. काकांनी तिकडे एकदा पाहिलं, दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लावू दे. दर वर्षी कोयती घेऊन चढतोच आहे की मी."